देशोदेशींची दप्तरे आणि अर्थाचा सांधा

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथे २६ मे १९८९ रोजी जवाहरलाल नेहरू बंदराचा कारभार सुरू झाला, आणि खाडीपलीकडची एक नियोजित वसाहत म्हणून वाढत असलेल्या नवी मुंबईचा संबंध पाहता पाहता जगातील बहुतेक सर्व सागरी राष्ट्रांशी जडला. या बंदरातून माल परमुलखात रवाना होतो तेव्हा धक्क्यावरून उचलली जाणारी पोलादी पेटी सर्वांना दिसते. परंतु त्या पेटीच्या पुढे धावणारी, तिच्याविषयीची माहिती मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही. निर्यातदाराने दाखल केलेले शिपिंग बिल सीमाशुल्क खात्याच्या संगणकात उतरते, वनस्पती-संरक्षण अधिकाऱ्याने दिलेला आरोग्य-दाखला दुसऱ्या दप्तरात रुजू होतो, जहाज कंपनीची मालयादी तिसऱ्या ठिकाणी जाते, आणि पेटी रॉटरडॅमला किंवा दुबईनजीकच्या जेबेल अलीला पोहोचण्यापूर्वीच तेथील सीमाशुल्क, अन्नपरीक्षण आणि सांख्यिकी ही खाती आपापल्या खातेवह्या उघडून बसलेली असतात. ही सर्व दप्तरे एकाच मालाविषयी लिहीत असली, तरी प्रत्येकाची वर्गवारी निराळी, खुणा निराळ्या आणि नोंदीमागचा हेतूही निराळा. अशा स्थितीत एका देशाच्या दप्तरातील नोंद दुसऱ्या देशाच्या दप्तरास यथार्थ कळावी कशी, हा आजच्या माहितीव्यवहाराचा एक मूलभूत प्रश्न आहे.

संगणक एकमेकांस तारेने वा तारेवाचून जोडणे हे काम आता अवघड राहिलेले नाही. अवघड आहे तो अर्थाचा सांधा. अक्षरे आणि अंक क्षणार्धात समुद्रापार जातात. परंतु त्या अक्षरांनी पाठविणाऱ्याच्या मनात जी वस्तू उभी केली होती तीच वस्तू घेणाऱ्याच्या दप्तरात उभी राहील, अशी हमी तारेला देता येत नाही. ही हमी देण्यासाठी गेल्या तीन-चार दशकांत संगणकशास्त्राने जी एक पद्धती सिद्ध केली, तिला ऑन्टॉलॉजी असे म्हणतात. तिचे स्वरूप समजून घेण्यापूर्वी अडचणीचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी सर्वांत सोपा दिसणारा, पण वस्तुतः फसवा असलेला शब्द घ्यावा: ‘देश’.

आपल्या देशाची ओळख पटविणाऱ्या खुणा किती आहेत, याचा हिशोब मांडला तर नवल वाटते. आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने १९७४ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आयएसओ ३१६६ या प्रमाणानुसार भारताची दोन अक्षरी खूण ‘आय-एन’ आणि तीन अक्षरी खूण ‘आय-एन-डी’ आहे; संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी विभागाचा अंक ३५६ आहे; अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीच्या भांडारात हाच देश १०० या अंकाने नोंदलेला आहे; दूरध्वनीसाठी तो ९१ आहे, आणि आपल्याकडील व्यापाऱ्यांना वेष्टनांवर छापण्यासाठी मिळणाऱ्या पट्टीसंकेतांचा आरंभ ८९० ने होतो. ग्रीस देशास आंतरराष्ट्रीय प्रमाण ‘जी-आर’ म्हणते, तर युरोपीय संघाची कार्यालये ‘ई-एल’ लिहितात. ब्रिटनला प्रमाणात ‘जी-बी’ आहे, तर युरोपीय संघाच्या वहिवाटीत ‘यू-के’. या खुणांपैकी कोणतीही चुकीची नाही. प्रत्येक खात्याने आपल्या कामाच्या सोयीने ती ठरविली आहे आणि त्या खात्याच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तिच्या आधाराने उभ्या आहेत.

यावर सहज सुचणारा उपाय असा, की सर्वांनी एकच खूण स्वीकारावी आणि वाद मिटवावा. हा उपाय का चालत नाही, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ब्रह्मदेशाने १९८९ साली आपले अधिकृत नाव बदलून म्यानमार असे केले, तेव्हा त्याची अक्षरी खूण ‘बी-यू’ची ‘एम-एम’ झाली. परंतु त्याचा १०४ हा अंक तसाच राहिला, कारण नाव बदलले तरी मुलूख तोच होता. याउलट १९९३ साली इरिट्रिया स्वतंत्र झाला तेव्हा इथिओपियाचे नाव कायम राहिले म्हणून त्याची ‘ई-टी’ ही अक्षरी खूण बदलली नाही, मात्र मुलूख घटला म्हणून त्याचा अंक २३० चा २३१ झाला. म्हणजे अक्षरी खूण ही नावाची आहे आणि अंकी खूण ही प्रदेशाची आहे. ज्यास शिधा पाठवावयाचा, पत्र लिहावयाचे, त्यास नाव हवे. ज्यास दर एकरी उत्पन्नाची अनेक वर्षांची तुलना करावयाची, त्यास मुलूख अचूक हवा. दोघांचे प्रयोजन भिन्न असल्यामुळे दोघांची खूणही भिन्न आहे, आणि ती एक करणे म्हणजे दोघांपैकी एकाचे ज्ञान पुसून टाकणे होय. खुणांचा पुनर्वापर केला की काय अनर्थ होतो, तेही जगाने पाहिले आहे: चेकोस्लोव्हाकियाची ‘सी-एस’ ही खूण तो देश विभागला गेल्यावर मोकळी झाली, आणि २००३ साली ती सर्बिया व माँटेनेग्रो या संयुक्त राज्यास देण्यात आली, परिणामी जुन्या दप्तरातील ‘सी-एस’ म्हणजे प्राग की बेलग्रेड, हे नोंदीचे वर्ष पाहिल्यावाचून सांगता येईनासे झाले.

हे सर्व परदेशातच घडते असे नाही. नवी मुंबईच्या दक्षिणेकडील ज्या जिल्ह्यात न्हावा-शेवा वसले आहे, तो १९८१ पर्यंत कुलाबा जिल्हा होता आणि नंतर रायगड झाला. मुलूख तोच, नाव नवे. उत्तरेकडील ठाणे जिल्ह्याचे नाव आजही तेच आहे, परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा निराळा झाल्यामुळे त्या तारखेच्या अलीकडचा ठाणे जिल्हा आणि पलीकडचा ठाणे जिल्हा हे क्षेत्राने दोन वेगळे पदार्थ आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने ठाणे जिल्ह्यातील भातपिकाखालील जमिनीचे २०११ चे आणि २०२१ चे आकडे शेजारी ठेवून ‘शेती अर्ध्यावर आली’ असा निष्कर्ष काढला, तर त्याच्या गणितात दोष नसेल. दोष असेल तो नावाच्या सारखेपणावर ठेवलेल्या विश्वासाचा. ब्रह्मदेश आणि इथिओपिया यांची कहाणी अशी आपल्या दाराशी येऊन ठेपते.

आता ऑन्टॉलॉजी म्हणजे काय, हे सांगता येईल. एखाद्या व्यवहारक्षेत्रात कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांचे धर्म कोणते, आणि त्यांचे परस्परांशी संबंध कोणते, याची संगणकास वाचता व ताडता येईल अशा नेमक्या रूपात केलेली मांडणी म्हणजे त्या क्षेत्राची ऑन्टॉलॉजी. टॉम ग्रूबर या अमेरिकी संशोधकाने १९९३ साली तिची जी व्याख्या केली ती आजही आधारभूत मानली जाते, आणि तिचा आशय हाच आहे, की आपल्या मनातील संकल्पनांची व्यवस्था गृहीत न धरता ती उघड लिहून ठेवावी. आपल्या परंपरेस ही कल्पना परकी वाटू नये. जगातील यच्चयावत् ज्ञेय वस्तूंची द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि अभाव अशा सात पदार्थांत विभागणी करणारे वैशेषिक शास्त्र हे अशाच उद्योगाचे एक प्राचीन व समर्थ रूप आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राज्यव्यवहारकोशातही राज्यकारभारातील शब्द वर्णानुक्रमाने न लावता राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत विषयपरत्वे लावलेले आहेत. आधुनिक ऑन्टॉलॉजीने यात भर घातली ती यंत्राच्या अनुमानशक्तीची.

ही भर कशी पडते ते पाहू. ऑन्टॉलॉजीतील ज्ञान लहान लहान विधानांच्या रूपाने साठविलेले असते आणि प्रत्येक विधानाचे तीन अवयव असतात: एक वस्तू, एक संबंध आणि दुसरी वस्तू. ‘न्हावा-शेवा बंदर – अंतर्गत – उरण तालुका’, ‘उरण तालुका – अंतर्गत – रायगड जिल्हा’, ‘रायगड जिल्हा – अंतर्गत – महाराष्ट्र’ ही अशी विधाने झाली. आता ‘अंतर्गत’ हा संबंध संक्रामक आहे, म्हणजे एक दुसऱ्यात व दुसरा तिसऱ्यात असल्यास पहिला तिसऱ्यात असतोच, एवढे एकदा यंत्रास सांगितले, की न्हावा-शेवा महाराष्ट्रात आहे हे कोणी लिहिले नसतानाही ते त्यास कळते. ‘सरहद्द लागून असणे’ हा संबंध परस्पर आहे असे सांगितले, की भारताची सरहद्द नेपाळला लागून आहे या एका विधानावरून नेपाळची सरहद्द भारताला लागून आहे, हे दुसरे आपोआप निष्पन्न होते. काही संबंधांच्या जोड्या असतात. अमका तमक्याचा मामा म्हटले की तमका अमक्याचा भाचा ठरतो, त्याप्रमाणे कुलाबा जिल्हा रायगडचा पूर्ववर्ती म्हटले की रायगड कुलाब्याचा उत्तरवर्ती ठरतो. माणसाच्या बुद्धीस ही अनुमाने क्षुल्लक वाटतात, परंतु लक्षावधी नोंदींच्या राशीत ती कारकुनाने हाताने करावयाची म्हटल्यास आयुष्य पुरणार नाही.

अशी विधाने लिहिण्याच्या पद्धती जागतिक जाळ्याचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी स्थापन केलेल्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने प्रमाणित केल्या: १९९९ साली आर-डी-एफ ही त्रिपदी विधानांची पद्धती, २००४ साली ओ-डब्ल्यू-एल ही संबंधांचे नियम सांगणारी भाषा, आणि २००९ साली स्कॉस ही वर्गीकरणे व परिभाषासूची यांचा परस्परसंबंध लिहिण्याची रीत. यांतील प्रत्येक वस्तूस जगात अन्यत्र कोठेही नसलेली, जाळ्यावरील पत्त्यासारखी, एक कायमची ओळख दिली जाते. त्यामुळे रोमच्या दप्तरातील विधान आणि नवी मुंबईच्या दप्तरातील विधान, दोन्ही आपापल्या जागी राहूनही, एकाच वस्तूकडे बोट दाखवू शकतात.

देशांच्या माहितीपुरते या पद्धतीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण रोम येथील अन्न व कृषी संघटनेने घालून दिले. या संघटनेत पीकपाणी, मत्स्यव्यवसाय, वने, पाणी, अन्नधान्याची टंचाई इत्यादींची स्वतंत्र भांडारे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हातांनी उभी राहिली होती, आणि एखाद्या देशाविषयीची सर्व माहिती एका पृष्ठावर आणावयाची म्हटल्यास प्रत्येक भांडारातील त्या देशाचे नाव व खूण निराळी सापडे. त्यावर संघटनेने ‘भूराजकीय ऑन्टॉलॉजी’ तयार केली. तिने कोणत्याही भांडारास आपली खूण सोडण्यास सांगितले नाही. प्रत्येक प्रदेशासाठी एक नोंद उघडून तिच्याखाली त्याची नावे निरनिराळ्या भाषांत दिली, त्याच्या सर्व खुणा शेजारी शेजारी मांडल्या, तो कोणत्या देशसमूहात मोडतो, कोणाशी त्याची सरहद्द आहे, तो कोणाचा उत्तरवर्ती आणि कोणाचा पूर्ववर्ती, हे सांगितले. आणि विशेष म्हणजे १९८५ पासून झालेले बदल कालमर्यादेसह नोंदविले. सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया, चेकोस्लोव्हाकिया यांसारखी राज्ये नकाशावरून गेली तरी त्यांची आकडेवारी शिल्लक असते, आणि ती आजच्या कोणत्या राज्यांशी जोडावयाची हे केवळ अशा सनावळीमुळे कळते.

या कालमर्यादेचे महत्त्व आपल्या निर्यातदारांस अलीकडेच अनुभवास आले. वाशीच्या बाजारातून लंडनला जाणारा माल अनेक वर्षे युरोपीय संघाच्या नियमांनुसार तपासला जात असे. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी संघातून बाहेर पडला आणि त्या वर्षाच्या अखेरीस संक्रमणकाळही संपला. म्हणजे ‘ब्रिटन – सदस्य – युरोपीय संघ’ हे विधान असत्य झाले नाही, त्यास समाप्तीची तारीख लागली. ज्या संगणक-व्यवस्थेने सदस्यत्वाचा संबंध मुदतीसह लिहून ठेवला होता, तिला एक तारीख भरून पुढे जाता आले. ज्या व्यवस्थेने ब्रिटनची खूण ‘युरोप’ या यादीत नुसती कोंबली होती, तिला ती पुसावी लागली, आणि पुसताक्षणी मागील वर्षांच्या व्यवहारांचा आधारही गेला.

देशांवरून मालाकडे वळले की प्रश्नाची खोली अधिक जाणवते. जगातील मालाच्या वर्गवारीसाठी १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्स येथे एक करार झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ ही पद्धती अमलात आली. दोनशेंहून अधिक देश व अर्थव्यवस्था आज तिचा उपयोग करतात. तिच्यात प्रत्येक वस्तूस सहा अंक मिळतात आणि ते सर्व देशांत सारखे असतात. त्यापुढील अंक लावण्याची मुभा प्रत्येक देशास आहे. आपला हापूस या पद्धतीत कोठे बसतो? फळांचा अध्याय आठवा. त्यातील चौथ्या शीर्षात खजूर, अंजीर, अननस, पेरू, आंबा इत्यादी. आणि ०८०४५० या सहा अंकांखाली पेरू, आंबा आणि मँगोस्टीन हे तिन्ही एकत्र. सहा अंकांच्या पातळीवर, म्हणजे जेथवर सर्व जगाचे एकमत आहे तेथवर, आंबा आणि पेरू यांत भेदच नाही. अन्न व कृषी संघटनेच्या उत्पादनाच्या आकड्यांतही हीच तीन फळे एका नोंदीत आहेत. यास्तव भारताच्या आंब्याच्या उत्पादनाचा म्हणून तेथून जो आकडा उचलला जातो, त्यात आपल्या पेरूच्या बागाही नकळत येऊन बसतात.

सहा अंकांपुढे देशोदेशींच्या वाटा फुटतात. भारताच्या दरसूचीत हापूस, केसर, लंगडा, दशहरी, तोतापुरी अशा जातींना स्वतंत्र आठ-अंकी नोंदी आहेत. कारण कोणत्या जातीचा आंबा किती गेला, यात आपल्या बागायतदारांचे हित गुंतलेले आहे. अमेरिकेच्या दरसूचीत मात्र ताज्या मालाची पोटविभागणी मोसमावर केलेली आहे: १ सप्टेंबर ते ३१ मे या मुदतीत आलेल्या फळांस एक नोंद, आणि जून ते ऑगस्ट या काळात आलेल्या फळांस दुसरी. तेव्हा मे महिन्यात पोहोचलेला हापूस आणि जूनमध्ये पोहोचलेला हापूस आपल्या दप्तरात एक, तर अमेरिकेच्या दप्तरात दोन. उलट मे महिन्यातील हापूस आणि केसर आपल्या दप्तरात दोन, तर तेथे एक. या दोन वर्गवाऱ्यांत कोणतीही दुसरीच्या पोटात मावत नाही. एका बाजूच्या आठ अंकांसमोर दुसऱ्या बाजूचे आठ अंक लिहून काढलेला तक्ता येथे निरुपयोगी ठरतो; माल, जात, आगमनाची तारीख आणि देश ही चार अंगे पृथक् सांगणारी मांडणीच दोन्ही नोंदींचा मेळ घालू शकते.

आपल्या न्यायशास्त्राने लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत: जे लक्षण लक्ष्याबाहेरही जाते ती अतिव्याप्ती, जे लक्ष्याच्या काही भागासच स्पर्श करते ती अव्याप्ती, आणि जे लक्ष्यात कोठेच आढळत नाही तो असंभव. दोन दप्तरांचा सांधा जुळविणाऱ्याने हे तीन दोष नित्य स्मरावेत, इतके ते या कामास लागू पडतात. ‘आंबा म्हणजे ०८०४५०’ असे लिहिणे ही अतिव्याप्ती झाली. ‘आंबा म्हणजे भारताच्या दरसूचीतील हापूसची नोंद’ असे म्हणणे ही अव्याप्ती. स्कॉस पद्धतीत म्हणूनच दोन सूचींतील संकल्पना जोडताना ‘तंतोतंत तीच’, ‘जवळची’, ‘अधिक व्यापक’, ‘अधिक संकुचित’ असे निरनिराळे संबंध दिलेले आहेत, आणि जोडणाऱ्याने त्यांपैकी कोणता संबंध आहे ते विचारपूर्वक निवडावयाचे असते. सर्व अनर्थाचे मूळ असते ते घाईने लावलेल्या ‘तंतोतंत तीच’ या शिक्क्यात. कारण यंत्र त्या शिक्क्यावर निःशंक विश्वास ठेवते, आणि एका चुकीच्या समीकरणावरून शेकडो चुकीची अनुमाने प्रसवते.

हापूसच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. २०१८ साली हापूसला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगड या पाच जिल्ह्यांतील फळास. दरसूचीतील हापूस जातीवरून ठरतो. निर्देशांकाचा हापूस जात आणि जन्मभूमी या दोहोंवरून. गुजरातेत वा कर्नाटकात पिकलेला हापूस पहिल्या अर्थाने हापूस आहे, दुसऱ्या अर्थाने नाही. फळाची ऑन्टॉलॉजी येथे प्रदेशाच्या ऑन्टॉलॉजीवर अवलंबून राहते, आणि ज्या पालघर जिल्ह्याचा जन्म २०१४ चा, तो २०१८ च्या हक्काच्या व्याख्येत एक घटक होऊन बसतो. जिल्ह्याच्या सीमेची साधी महसुली नोंद दूरदेशीच्या ग्राहकाने वाचावयाच्या चिठ्ठीपर्यंत कशी पोहोचते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

हा सांधा निखळला म्हणजे काय होते, याचीही आठवण ठेवली पाहिजे. फळमाशी व अन्य किडींच्या कारणावरून युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर आणि काही भाज्यांवर बंदी घातली, आणि आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठेपर्यंत कोकणातील बागायतदारांस एका मोसमाचा बाजार गमवावा लागला. ती बंदी किडीमुळे आली, संगणकामुळे नव्हे. परंतु ती उठण्यास प्रक्रियेबरोबर पुराव्याचीही गरज होती. अशा प्रक्रियेसाठी राज्य कृषी पणन मंडळाची उष्णजल व बाष्प-उष्णता प्रक्रियेची आणि विकिरणाची केंद्रे वाशीत आहेत. अमेरिकेचा बाजार २००७ साली पुन्हा खुला झाला तोही किमान ४०० ग्रे इतक्या विकिरणमात्रेच्या अटीवर. अमुक बागेतील, अमुक नोंदणीचा, अमुक तारखेस अमुक प्रक्रिया झालेला माल तो हाच, असे दुसऱ्या देशाच्या तपासनिसास पटवून देण्यासाठी बाग, पीक, कीड, प्रक्रिया आणि दाखला यांची साखळी अखंड असावी लागते. युरोपच्या वनस्पती-संरक्षण संघटनेने आंब्यास ‘एम-एन-जी-आय-एन’ आणि पौर्वात्य फळमाशीस ‘डी-ए-सी-यू-डी-ओ’ अशा कायम खुणा दिलेल्या आहेत, त्या याचसाठी. शास्त्रीय नाव उद्या बदलले तरी खूण बदलत नाही.

तथापि ऑन्टॉलॉजीकडून कोणत्या अपेक्षा ठेवू नयेत, हेही सांगणे अगत्याचे आहे. ती सत्य ठरवीत नाही. कोणी काय म्हटले आहे ते नेमके लिहून ठेवते. सरहद्दींचे वाद तिने मिटविलेले नाहीत आणि मिटविणार नाहीत. बेळगावचा प्रश्न घ्या: ते शहर आज कर्नाटकाच्या प्रशासनाखाली आहे हे एक विधान, त्यावर महाराष्ट्राचा दावा आहे आणि तो २००४ पासून सर्वोच्च न्यायालयासमोर आहे हे दुसरे विधान. दोन्ही सत्य आहेत, आणि सुज्ञ मांडणी ती दोन्ही, कोणाच्या आधाराने व कोणत्या तारखेपासून यासह, शेजारी शेजारी ठेवते. दुसरी मर्यादा अनुमानाची. सरकारी दप्तराची रीत अशी, की ज्याची नोंद नाही ते नाही. ऑन्टॉलॉजीच्या तर्काची रीत अशी, की ज्याची नोंद नाही ते अद्याप अज्ञात आहे. सीमाशुल्काच्या चौकीवर परवान्याची नोंद सापडली नाही, तर ‘परवाना नाही’ असे समजून माल अडविणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्यच असते. संशोधकाने मात्र तेवढ्यावरून नकारार्थी निष्कर्ष काढला तर तो चुकेल. दोन रीतींपैकी कोठे कोणती लागू, हे आरंभीच ठरवून घ्यावे लागते.

या विवेचनाचा नवी मुंबईशी असलेला संबंध बंदरापुरता नाही. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा या दोन जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांच्या भूमीवर, सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रात, हे शहर आखले. १ जानेवारी १९९२ पासून कारभार पाहणारी नवी मुंबई महानगरपालिका केवळ ठाणे जिल्ह्यातील भागाची आहे. खारघर, कळंबोली, कामोठे हे भाग रायगड जिल्ह्यात असून २०१६ साली झालेल्या पनवेल महानगरपालिकेत मोडतात. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई या नावाच्या दोन नोंदी आहेत, एक ठाणे जिल्ह्यातील महानगराची आणि दुसरी रायगड जिल्ह्यातील पनवेलकडच्या भागाची. त्याच जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत आपल्या रायगडचे लेखन छत्तीसगडातील रायगढशी अक्षरशः जुळणारे आहे, आणि जिल्ह्याचा अंक पाहिल्यावाचून दोहोंतील भेद कळत नाही. वाहनांची नोंदणी वाशीस एम-एच ४३ आणि पनवेलीस एम-एच ४६. न्हावा-शेव्याचा पिनकोड मात्र मुंबईच्या ४०० या मालिकेतला. बंदराची आंतरराष्ट्रीय खूण ‘आय-एन-एन-एस-ए’. आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळाची खूण ‘एन-एम-आय’. टपाल, वाहतूक, महसूल, जनगणना, जहाज आणि विमान अशी सहा खाती एकाच भूमीकडे सहा दृष्टींनी पाहत आहेत, आणि सहाही दृष्टी योग्य आहेत.

येथेच एक मोठे कार्य वाट पाहत आहे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने गावागावास कायम अंक देणारी स्थानिक शासन निर्देशिका तयार केली आहे, तिचा पाया भक्कम आहे. त्या पायावर या पंचाण्णव गावांची एक सनावळीसह ऑन्टॉलॉजी उभी करता येईल: प्रत्येक गावाचे मराठी नाव व त्याची प्रचलित रूपे, जुना तालुका व जिल्हा, भूसंपादनानंतर तेथे उभा राहिलेला विभाग व त्यातील सेक्टर, आज लागू असलेली महानगरपालिका वा ग्रामपंचायत, जनगणनेतील अंक, पिनकोड, आणि प्रत्येक संबंधास आरंभाची तारीख आणि, संपला असल्यास, समाप्तीची तारीख. सातबाऱ्यावरील गावाचे नाव आणि आजच्या इमारतीचा पत्ता यांतील दुवा प्रकल्पग्रस्त कुटुंबांस आपल्या हक्काच्या कामासाठी वारंवार शोधावा लागतो; तो एकदा विश्वसनीय रीतीने लिहिला गेला, तर त्यांचे हेलपाटे वाचतील, आणि पूर, साथ वा अपघात यांच्या प्रसंगी निरनिराळ्या खात्यांची माहिती तत्काळ एकत्र आणता येईल. या कामास अवाढव्य यंत्रे लागत नाहीत. महसुली कागद वाचू शकणारा तलाठी, गावची वहिवाट ठाऊक असलेला वृद्ध आगरी-कोळी रहिवासी, भूगोलाचा अध्यापक आणि संगणकाचा विद्यार्थी, असे चौघे एकत्र बसले म्हणजे पुष्कळ साधते. गावांची नावे मराठीत आणि मराठी उच्चारानुसार प्रथम नोंदली जावीत, असा आग्रह मात्र धरलाच पाहिजे. कारण मूळ नोंदच बिघडली, तर तिच्यावर उभारलेला सांधा देशापार जाऊनही तीच चूक पोहोचविणार.

देशांची दप्तरे एक व्हावीत, असे स्वप्न पुष्कळांनी पाहिले आणि ते पुन्हा पुन्हा भंगले, कारण प्रत्येक दप्तर हे एका समाजाच्या गरजेचे, कायद्याचे आणि स्मृतीचे फलित असते आणि ते टाकून देण्यास तो समाज योग्य कारणाने तयार नसतो. ऑन्टॉलॉजीचा मार्ग यापेक्षा अधिक न्याय्य आहे. तिचे सारे बळ ‘ही नोंद कशाची, कोणाशी कोणत्या नात्याने बांधलेली आणि कोणत्या मुदतीपुरती’ एवढेच प्रामाणिकपणे लिहिण्यात आहे. असे लिहिणे कष्टाचे आहे, त्यास चटकन कीर्ती मिळत नाही, आणि ते एकदा करून थांबता येत नाही. जिल्हे विभागले जातील, नावे बदलतील, करार संपतील, आणि प्रत्येक वेळी कोणास तरी नवी तारीख भरावी लागेल. ज्या नगरात जगाचा माल रोज चढतो आणि उतरतो, त्या नगराने हे नोंदीचे काम आपल्या नागरी कर्तव्यांपैकी एक मानावे, आणि त्याची जबाबदारी नावानिशी एखाद्या संस्थेकडे सोपवून तिला त्यासाठी कायमची माणसे व कायमचा पैसा द्यावा.